देवीची साडी चिकोडीला गेली

निपाणीहून श्रीशैलला पायी जायला वीस-बावीस दिवस लागतात. मला चिकोडीला पोचायलाच एक दिवस लागला, आणि चिकोडी आमच्या वाटेवर नव्हती.

मुळात चालणं हा माझा प्रांतच नाही. मी निपाणीतल्या एका शाळेत क्लार्क आहे. शाळा घरापासून इतकी जवळ, की तिथली घंटा आमच्या न्हाणीत ऐकू येते. तरी मी स्कूटरनं जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच स्कूटरवरून पडून माझा पाय मोडला. (स्कूटर स्टँडवर उभी होती. याच्या खोलात कुणी जाऊ नये.) प्लास्टरमधला पाय बघून आईनं दवाखान्यातच हात जोडले, "मल्लय्या, माझा बसू पायावर उभा ऱ्हाऊ दे, लेकीची साडी घेऊन त्याला पायी पाठवतो." नवस तिनं बोलायचा आणि चालायचं मी, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे.

'लेकीची साडी' म्हणजे काय ते सांगतो. आमच्या भागात श्रीशैलच्या मल्लय्याला नुसता देव म्हणून कुणी सोडत नाही. तो आमचा जावई आहे. त्याची भ्रमरांबा ही आमच्याकडची लेक. त्यामुळे पाडव्याच्या आधी इकडून माणसं साडी-चोळी, बांगड्या, हळदकुंकू घेऊन डोंगर-जंगल तुडवत तिच्या घरी जातात. लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि जावयाच्या दारात तर नाहीच नाही. आईनं दुखऱ्या गुडघ्यांनी तीन बस बदलून इलकल गाठलं आणि विणकराकडे बसून डाळिंबी रंगाची, लाल-पांढऱ्या टोपपदराची इरकल साडी करून घेतली. ती घरी आल्यापासून आई रोज दार लावून तिची घडी उलगडायची आणि परत घालायची. माझ्या लग्नात तिनं माझ्याकडेसुद्धा इतकं बघितलं नव्हतं.

आता दुसरी साडी. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, चिकोडीला दिलेली. मला पोचवायला ती आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. सकाळी माझं निघणं झालं की ती आठच्या बसनं परत जाणार होती, कारण संध्याकाळी तिच्याच घरी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. माहेरवाशीण जाताना साडी द्यायलाच पाहिजे. त्यासाठी आईनं कपाटातून देण्या-घेण्यातली साडी काढली. ही प्रत्येक घरात एक असते. आमची पिस्ता रंगाची, वर जांभळी फुलं. गेली कित्येक वर्षं ती लग्न, बारसं, डोहाळजेवण करत भावकीतल्या घराघरांतून फिरत होती. नेसण्याचं धाडस मात्र कुणी केलेलं नव्हतं.

दोन्ही साड्या एकाच दुकानाच्या कापडी पिशव्यांत होत्या. "देव्हाऱ्यापाशी हाय ती देवीची, कपाटापाशी हाय ती आत्तीची," आईनं मला तीनदा सांगितलं. मी तीनदा मान हलवली. त्या वेळी मी आरशासमोर गळ्यातला हार नीट करत होतो.

निघताना गल्ली लोटली. बायकांनी पायावर पाणी घातलं, आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी वाकून नमस्कार केला (चोवीस वर्षांत पहिल्यांदा), आणि मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटायला लागलं. त्या मोठेपणाच्या भरात मी एक पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसरी स्वतःच्या हातानं आत्तीला दिली. श्रीशैलला चालत निघालेल्या आमच्या जथ्याचे म्होरके मल्लाप्पा आप्पा, बसचे रिटायर ड्रायव्हर. त्यांनी उंबऱ्यावर दोन नियम सांगितले.

"एकदा भाईर पडलं की दर्शन झाल्याबिगर घरात पाय ठिवायचा न्हाय. आन कुठल्याबी चाकावर बूड टेकायचं न्हाय."

"एवढंच व्हय आप्पा?" मी म्हणालो.

स्तवनिधीचा घाट लागला तेव्हा माझे नवे बूट बोलायला लागले होते. निपाणीपासून हा घाट म्हणजे हाकेच्या अंतरावर; स्कूटरवर मला तो कधी जाणवलाही नव्हता. पायी मात्र तो उभाच राहिला माझ्यासमोर. मी मनात हिशेब केला, की अजून एकवीस दिवस आणि शेवटचे तीन तर नुसता डोंगर आणि जंगल. हिशेब करायला नको होता. माथ्यावर पोचलो तेव्हा मी दोन म्हाताऱ्यांच्या मागे आणि एका शेळीच्या बरोबरीनं होतो.

माथ्यावर झाडाखाली आप्पांनी सगळ्यांचे आहेर पूजेसाठी मांडायला सांगितले. कुणाची हिरवी इरकल, कुणाची जरीची. मी ऐटीत पिशवी उघडली आणि आतून पिस्ता रंग बाहेर आला.

आप्पांनी चष्मा पुसून परत लावला.

"बसू, ही देवीला?"

"न्हाय आप्पा. ही आत्तीला."

"मग देवीची?"

"आत्तीला," मी म्हणालो.

आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तिला लावतो, फोड करून सांगतो. तू तिथंच थांब." पंधरा मिनिटांनी तिचा उलटा फोन आला. आवाज पडलेला.

"बसू, मला काय बोलू दिलंच न्हाय रं तिनं. बसमध्येच पिशवी उघडून बघितली म्हणं. रडाय लागली. म्हणं, वैनी, माझं लग्न झाल्यापास्नं माहेरची अशी साडी पयल्यांदा अंगाला लागंल. सांच्याला हीच नेसणार म्हणं."

"मग तू काय म्हणालीस?"

"नेस गं बाई म्हणालो. काय म्हणणार? आता तूच जा. नेसायच्या आधी गाठ. एकदा नेसली की देवीला चालत न्हाय. मला तोंड न्हाय तिच्याशी बोलायला."

मला होतं असं बहुतेक तिला वाटत असावं. आप्पांनी निकाल दिला, "जायाचं तर चालत. साडी घे, आन म्होरं लोकापुराजवळ आमास्नी गाठ." आणि जथा संकेश्वरच्या दिशेनं उतरून गेला. मी एकटा, गळ्यात हार, परत निपाणीकडे.

चिकोडीचा रस्ता निपाणीतून फुटतो. म्हणजे ज्या गल्लीनं मला सकाळीच देव करून पाठवलं होतं, तिच्या तोंडावरून जाणं आलं. मी हार काढून खिशात कोंबला. उपयोग झाला नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं लांबूनच ओळखलं.

"सर, झालं व्हय दर्शन?"

"न्हाय, जरा चिकोडीला जाऊन येतो."

"चालत?"

"चालतच."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचं दूध उतू गेलं. हेडमास्तर समोरून येत होते. ते मला बघून पानपट्टीत शिरले. माझी बायको गॅलरीत उभी होती. तिला आईकडून सगळं कळलं होतं. तिनं वरूनच पाण्याची बाटली दोरीनं खाली सोडली आणि एवढंच म्हणाली, "घरात येऊ नका हं." इतक्या मनापासून ती हे आधी कधी बोलली नव्हती.

चिकोडीच्या रस्त्यावर ऊन, दोन्ही बाजूला तंबाखू वाळत घातलेला, आणि मी शिंकत शिंकत चाललेला. शेजारून बस जायच्या. एका कंडक्टरनं तर बस थांबवून दार उघडलं, "या की सर, जागा हाय." मी नाही म्हणालो. हे वाक्य म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाटेत लोक पाया पडायचे, ताक द्यायचे आणि विचारायचे, "श्रीशैलला न्हवं?" मी हो म्हणायचो. देवीच्या साडीसाठी निघालोय म्हणजे श्रीशैललाच निघालोय, असं मी स्वतःला समजावलं. ताक मात्र मी आठ ठिकाणी प्यायलो.

आत्तीच्या दारात पोचलो तेव्हा मांडवात सनई लागली होती. बूट काढले तर पायाच्या जागी दोन टोमॅटो. आणि समोरून, घरातून, आत्ती बाहेर आली. डाळिंबी इरकल नेसून.

मी उशिरा पोचलो होतो. माझी सत्तर वर्षांची आत्ती नवऱ्या मुलीपेक्षा जास्त लाजत होती. पदर सारखा पुढे घ्यायची, टोपपदर सगळ्यांना दिसेल असा, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायची, "माहेरची हाय. वैनीनं इरकल दिली." तिच्या सासरी तिला इतकी वर्षं 'पिस्तावाल्यांची पोर' म्हणत असतील काय की, असं तिचं ते मिरवणं होतं. मला बघून ती थबकली.

"बसू? तू हिथं? श्रीशैलला गेलतास न्हवं?"

मी बोलायला तोंड उघडलं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. आत्तीची थोरली जाऊ तर खुर्ची सरकवून ऐकायला पुढे आली.

"आत्ती," मी म्हणालो, "ही साडी तुला कशी दिसते ते बघायला आलतो."

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप, आणि ती मी यात्रेच्या पहिल्या दिवशी मारली. आत्तीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. "बघा गं! देवाची वाट सोडून पोरगं चालत आलं मला बघायला!" मग काय विचारता. मला खुर्चीवर बसवलं, परातीत गरम पाणी, पायाला तेल, कपाळाला विभूतीचा अख्खा डबा. थोरल्या जावेनंसुद्धा पाय धरले. मी डोळे मिटून बसलो होतो आणि मनात आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

तेवढ्यात थोरली जाऊ म्हणाली, "आमच्याकडनंबी लेकीच्या साडीला हळदकुंकू लावू द्या की. कुठाय देवीची साडी?"

"नको नको," मी परातीतूनच उठलो. पण माझे पाय दोन बायकांच्या हातात होते. पिशवी उघडली गेली. पिस्ता रंग मांडवभर पसरला.

आत्तीनं साडी हातात घेतली. काठ उलटून बघितला.

"हा फॉल मी लावलाय," ती हळूच म्हणाली. "जांभळा दोरा संपला म्हणून निम्म्यातनं हिरवा घातलता. तुमच्या वास्तुशांतीला मीच दिल्याली ही साडी."

हे आई साफ विसरली होती. म्हणजे मी सकाळी पिशवी चुकलो नसतो, तर आत्तीला तिचीच साडी परत गेली असती. माझ्या घोटाळ्यानं खरं म्हणजे घराची अब्रू वाचली होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. आत्ती पिस्ता साडीकडे बघत होती, मग अंगावरच्या डाळिंबी साडीकडे. हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"म्हंजे ही देवीची व्हय रं बसू?"

मला खोटं बोलता येईना. "व्हय, आत्ती. चूक माझी हाय. आईची न्हाय."

"मागायला आलतास?"

"व्हय."

"मग मागितली का न्हाईस?"

"तू लई खूश दिसत होतीस."

आत्ती खाली बसली. मला वाटलं, आता ही आत जाणार, साडी बदलून येणार आणि यापुढे आमच्या घरात पाय ठेवणार नाही. आणि मग आत्तीचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. पिस्ता साडी मांडीवर घेऊन, पदर तोंडाला लावून, ठसका लागेपर्यंत हसत होती. तिनं माझा फोन घेतला आणि आईला लावला.

"वैनी, साडी मी नेसल्या. आता परत मिळायची न्हाय. ती लेक, तशी मीबी या घरची लेकच हाय."

पलीकडून आई काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण दोघी एकदमच रडायला लागल्या. मग डोळे पुसून आत्ती म्हणाली, "देवीची काळजी करू नगंस. उद्या सकाळी हितल्या दुकानात बघून घेतो. मी सोता निवडणार आन मी सोता नेणार. ह्याच्या हातात पिशवी देऊन उपेग न्हाय."

"आत्ती, चालत जायचं असतंय," मी म्हणालो.

"मग? तुझ्यागत वाकड्या वाटंनं जाऊ व्हय? हितनं सरळ मुधोळचा रस्ता हाय की. त्यो घाट कशापायी चढायला गेलतास?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आत्ती पुढे, नऊवारीचा ओचा खोचून, पायात साध्या रबरी चपला. मी मागे, दोघांचं सामान घेऊन. लोकापुराच्या पुढे जथा सापडला आणि दोनच दिवसांत आप्पासुद्धा मुक्काम कुठे करायचा ते तिला विचारायला लागले. जंगलातले शेवटचे डोंगर ती पदराला पोह्यांची पुरचुंडी बांधून चढली. मी ते कसे चढलो हे मला खरंच आठवत नाही. काही भाग मला लोकांनी नंतर सांगितला.

शेवटच्या चढाच्या आधी एका मांडवात यात्रेकरूंना जेवण वाढत होते. वाढणाऱ्यानं पान मांडता मांडता कानडीत विचारलं, "अव्वा, यात्रेकरू किती जण तुम्ही?"

"एकटीच हाय," आत्ती म्हणाली.

"आणि हे?"

आत्तीनं मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"ह्यो पोचवायला आलाय. ह्याला जरा आधी वाढ, ह्याला परत लवकर निघायला लागंल."