बॅटच्या पोटातला कागदभर पत्रा

कुपवाडच्या एका शेडमध्ये मी लेथवर काम करतो. वीस वर्षं धातू उतरवतोय, त्यामुळं जगातली कुठलीही वस्तू जरा खरवडली की सुधारते, असा माज अंगात भरलेला. तोच नडला.

बायको स्लोपिच सॉफ्टबॉल खेळते. त्यात बॉल उंच कमान करून सावकाश येतो. त्याला स्वतःचा जोर नसतोच. सगळा जोर मारणाऱ्याचा आणि बॅटचा. राज्याच्या संघातली निवड तिची दोनदा हुकलेली. यंदा साताऱ्याला शेवटची संधी, कारण पस्तिशीनंतर कोण विचारतंय? सरावात तिचे फटके कुंपणाच्या जरा अलीकडं पडायचे. "थोडंच कमी पडतंय, न्हाई?" एवढंच ती एकदा म्हणाली, आणि मी ते मनावर घेतलं.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिची अॅल्युमिनियमची पोकळ बॅट गुपचूप शेडवर नेली. टोकाची टोपी गरम हवेनं सैल करून काढली, बॅट लेथला लावली आणि आतून कागदभर जाडीचा पत्रा उतरवला. बॅटची भिंत पातळ झाली की बॉल बसताना ती आत दबते आणि बॉलला उलटा फेकते. पण पातळ भिंत लवकर पिचते, हेही मला ठाऊक होतं. एक दिवस टिकली तरी बास, म्हटलं. वजन कमी झालं ते टोपीत शिसं बसवून भरून काढलं, म्हणजे हातात घेतल्यावर तिला कळू नये. सांगितलं असतं तर तीच बॅट तिनं माझ्या डोक्यात घातली असती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

साताऱ्यात पहिलाच फटका कुंपणापार. दुसराही. लोक टाळ्या वाजवत होते, पण माझे कान बॅटकडं होते. बॅटचा आवाज बदलला होता. आधी ती ठण्ण वाजायची, आता नुसतं टप्प. बॉल टाकणारी उंब्रजची पोरगी समोरच उभी, तोंडाला जाळीसुद्धा नाही. अरे देवा, तिचा विचार मी केलाच नव्हता! तिसरा फटका तिच्या कानाजवळून सणाणत गेला आणि ती मटकन खाली बसली.

बायको बॅट टाकून पळाली. "लागलं का गं?"

"न्हाई ताई," पोरगी म्हणाली. पण उठली नाही.

पंचांनी बॅट उचलून अंगठा फिरवला. पोचा पडला होता. "ही कुणी उघडली होती का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आणली तशीच हाय, सर. कुणी हात लावला न्हाई." कशी ताठ मानेनं म्हणाली! मला ते बघवेना. दोरी ओलांडून मैदानात गेलो आणि सांगून टाकलं, "मी केलंय सर. तिला म्हाईत न्हाई."

पंचांनी ऐकून घेतलं. पण बॅट जिच्या हातात, जबाबदार तीच. ती निवडीतून बाद झाली.

एसटीत उंब्रज गेलं, कराड गेलं, तरी ती बोलेना. शेवटी मीच म्हणालो, "लय चुकलं माझं. शिव्या घाल, पण बोल."

ती आपल्या तळहातांवरच्या घट्ट्यांकडं बघत होती. "शिव्या ऱ्हाऊ द्या. आवं, एवढंच सांगा, पहिले दोन फटके माझे हुते का तुमच्या लेथचे?"

मी हातातलं तिकीट दुमडत राहिलो.

"बघा," ती म्हणाली. "आता मला कवाच कळायचं न्हाई."