भासऱ्यासमोर सहा मिनिटं

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. पोरांना पाढे शिकवले, जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारनं माझ्या हाती ऑक्सिमीटर दिलं. बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्याच गावात ड्युटी लागली. घरोघरी जायचं, तापाचं विचारायचं, बोटाला यंत्र लावायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. माझा राग तसा नाकावरच. त्यात तालुक्याच्या ग्रुपवर रोज नवा कागद यायचा आणि कालचा रद्द व्हायचा. "तुमचे तज्ज्ञ विचार करून सांगतात की फासे टाकून?" असं मी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना एकदा फोनवर ऐकवलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या त्या. शांतपणे म्हणाल्या, "नवीन कळलं की बदलतात, गुरुजी. न कळलेलं कळल्यासारखं सांगितलं असतं तर चाललं असतं काय?" मी रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.

सहा मिनिटं चालायचा कागद मात्र मला पहिल्या वाचनातच पटला. या रोगात माणूस बसलेला असला की बरा दिसतो, स्वतःलाही बरं वाटतं, पण आतून फुप्फुस खचत असतं. चालवलं की ते उघडं पडतं. म्हणून आधी बसवून आकडा घ्या, मग सहा मिनिटं चालवा, पुन्हा आकडा घ्या. तीन-चारनं उतरला किंवा त्र्याण्णवच्या खाली गेला, तर धाप लागायची वाट न पाहता दवाखान्यात पाठवा. कारण सांगितलं की मास्तर ऐकतो. मी घड्याळ लावून सगळ्या गावाला अंगणात चालवू लागलो. आकडे छान येत होते. माझं रजिस्टर तालुक्याला नमुना म्हणून दाखवलं गेलं, आणि मीही थोडा फुगलो.

अशात आमच्या घरातच ताप शिरला. माझी भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, अंथरुणाला लागली. तपासणीत कोरोना निघाला. तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. यवतमाळला न्यायचं नाव काढलं की भाऊ कासावीस व्हायचा. "तिथं गेलेलं माणूस वापस येऊन नाही राह्यलं, दादा. आकडा चांगला हाये नं? मंग घरीच राहू दे." त्याचा जीव त्या आकड्यावर टांगलेला होता, आणि आकडा मी पाहत होतो.

इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. हल्लीच्या सुना भासऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजाराला जातात, पण आमच्याकडे आईनं घालून दिलेलं तसंच चालू राहिलं. वीस वर्षांत ती माझ्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. मी अंगणात असलो की डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या कडेनं जायची. मला चहा हवा असला तर मी बायकोला सांगायचो, आणि साखर संपली असली तर तेही बायकोकडूनच कळायचं. चाचणीही तशीच झाली. मी दाराशी लांब खुर्ची टाकून मोबाईलवर वेळ लावून बसलो. तिनं स्वतःच यंत्र बोटाला लावलं, आकडा माझ्या बायकोला सांगितला, बायकोनं मला. बसून शहाण्णव. सहा मिनिटं चालून पंच्याण्णव. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. भाऊ रोज सुटकेचा श्वास टाकायचा आणि मी रोज रजिस्टरात 'ठीक' असं लिहायचो.

ताप मात्र हटत नव्हता. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्पीकरवर फोन लावून आकडे कळवताना मी डॉक्टरीणबाईंना सहज ते बोललो. त्यांनी विचारलं, "सहा मिनिटांत किती फेऱ्या झाल्या?"

"फेऱ्या मोजा असं कागदात कुठं आहे? मिनिटं लिहिलीत, मिनिटं मोजली."

"बरं. पण नेहमीच्या चालीनं चालल्या नं त्या?"

मी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याजवळ उभी राहून ऐकत होती. तिनं कपाळाला हात लावला. "नेहमीच्या? तुमी समोर खुर्ची टाकून बसल्यावर ते भराभरा चालन काय? हळद लागलेल्या नवरीवानी चालून राह्यली होती. पाण्याचा हंडा घेऊन याच्या दुप्पट चालते ते."

"मग तू मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी विचारलं कधी?"

फोन चालूच होता. पलीकडून बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही घराबाहेर जा. आत्ता. आणि पुन्हा चालवा."

मी गल्लीत जाऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसलो. भाऊही येऊन बसला. मध्ये फक्त आमच्या अंगणाची भिंत होती. बायकोनं "चाल व माय, आता कोणी नाही" म्हटलेलं ऐकू आलं आणि मग पावलं सुरू झाली. वीस वर्षं एका घरात राहून मी तिच्या पायांचा असा आवाज ऐकला नव्हता. झपझप, कापूस वेचून घराकडे निघालेल्या बाईचा. एक फेरी, दोन, तीन. मग पावलं अडखळली. मग थांबली. सहा मिनिटं झालीच नव्हती.

"एकोणनव्वद!" बायको आतून ओरडली.

भाऊ उठून उभा राहिला. मी त्याचा दंड धरून गाडी पाहायला निघालो. त्या रात्री जेवणाच्या आत गाडी करून ती दोघं यवतमाळला पोचली आणि तिला ऑक्सिजन लागला. आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं.

इकडे मी रजिस्टर उघडून बसलो. बायकांचे आकडे एकेक करून पाहिले. प्रत्येक घरात मी असाच खुर्ची टाकून बसलो होतो. कुठं सासरा शेजारी, कुठं भासरा, आणि गावचा गुरुजी म्हणजे सगळ्यांचाच भासरा. दिव्याखालीच अंधार म्हणतात तो हा. सकाळी बायकोला आणि गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला घेऊन निघालो. मी गल्लीत उभा राहिलो, त्या दोघी आत गेल्या. दोन बायांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. दोघीही घरी परत आल्या, हे माझं नशीब. माझी हुशारी त्यात काही नव्हती.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं कळवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मलाच सुचायला हवं होतं. मीही कुणाची सूनच आहे." दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ग्रुपवर त्याच कागदाखाली एक ओळ वाढली: बायकांची चाचणी बाईनंच घ्यावी, घरातल्या मोठ्या पुरुषांनी बाहेर थांबावं, नेहमीच्या चालीनं चालवावं. कागद बदलला म्हणून त्या दिवशी मी कुणाला नावं ठेवली नाहीत. फुप्फुस त्या तज्ज्ञांना नीट कळलं होतं. भासरा त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

भावसून पंधरा-सोळा दिवसांनी आली. निम्मी झाली होती. भावानं तिला हात धरून उतरवलं आणि उंबऱ्याशी पाट टाकून बसवलं. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतो. एक गोष्ट मला इतके दिवस टोचत होती, ती मी सवयीनं बायकोला म्हणालो, "विचार तिला, मी समोर बसायचो तेव्हा दम लागत होता काय?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत ती बोलली. खाली मान, पदर डोक्यावर, आवाज बसलेला, पण बोलली ती माझ्याशीच.

"लागत होता नं, भाऊजी. पण तुमच्यासमोर धापा कशा टाकू? श्वास दाबून धरत होती मी."