पुठ्ठ्याचा फलक

१६ जानेवारी २०१८, सकाळचे दहा. पिकत्या चिकूचा वास आला की वहीतली ही नोंद आठवते, कारण डहाणूतले आमचे सॉफ्टवेअरचे कार्यालय चिकूच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर होते. रोजच्या बैठकीत प्रत्येकाची कामे एका ऑनलाइन फलकावर उघडून दाखवावी लागत आणि तिथल्या इंटरनेटवर तो फलक उघडेपर्यंत आम्ही सहा जण पडद्यावरचे फिरते चक्र पाहत बसत असू. मला त्याचा मनस्वी तिटकारा होता. "बेन, पंधरा मिनिटांची तर मीटिंग!" असे आमचे गुजराती मालक, शेठ, म्हणताच मी दहा दिवसांच्या मोजणीची वही पुढे केली. एकही बैठक चाळीस मिनिटांच्या आत संपली नव्हती आणि निम्मा वेळ त्या चक्राने खाल्ला होता. "मग उद्या तू चालव. पंधरात नाही आटपली, तर ही वही परत काढायची नाही." संध्याकाळी मी वखारीतून चिकूच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा आणला आणि सगळी कामे चिठ्ठ्यांवर लिहून त्यावर टाचली. सकाळी त्या पुठ्ठ्याभोवती उभे राहून एकेकाने आपली चिठ्ठी पुढे सरकवली. मध्येच शेठनी चारोटीच्या हॉटेलातला किस्सा काढला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "शेठ, ते जेवताना!" सर्वांत मोठ्याने शेठच हसले. पुढे मी पुष्कळ मोठ्या कार्यालयांत महागडे फलक वापरले. पण घड्याळ थांबवून त्या दिवशी लिहिलेला आकडा अजून कोणी मोडलेला नाही: नऊ मिनिटे, चाळीस सेकंद.