पाळीवरून लागलेला फोन

मुलाने नागपूरहून नवा टच फोन आणला, तेव्हा नात नऊ महिन्यांची होती. तिचं तोंड त्याला तिकडून दिसावं म्हणून आणला. पण आमचं घर जंगलाला लागून. जुना बटणाचा फोन चुलीजवळही लागायचा. नवा घेऊन बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या बांधावर, उभं राहावं लागे. तिथेही रेंजची एक काडी यायची नि जायची.

मी म्हटलं, "एवढा मोठा कायले आणला?"

"माय, टॉवर दूर हाय. फोनचा दोष नाही."

"मंग जुना कसा लागते?"

फोटोवर बोट दाबून फोन कसा लावायचा ते त्याने मला शिकवलं. दोन दिवस राहून नागपूरला गेला.

मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला. सून पहाटे बायकांसोबत पानं तोडायला जायची. जुना फोन ती कमरेला खोचून नेई, कारण तो जंगलातल्या टेकडीवरही लागत असे. नवा फोन आणि नात माझ्याकडे.

पानाला जाणाऱ्या बायकांचा एक नेम आहे. वाघाच्या भीतीने मोठ्याने बोलत, डबे वाजवत चालायचं. पण पिल्लावालं अस्वल दिसलं, तर असाल तिथे खाली बसायचं आणि आवाज काढायचा नाही. तीस उन्हाळे मी हा नेम पाळला.

त्या दिवशी नऊच्या सुमारास माझी जाऊ जंगलातून एकटीच पळत आली. पायात चप्पल नव्हती.

"अस्वलानं बाई धरली वो!"

"कोणाले?"

"मले मालूम नाही. ओरडनं आयकलं अन् पळाली मी."

"माही सून कुठं होती?"

"मांगं होती."

मी नातीला काखेत घेतलं, फोन घेतला आणि पाळीवर गेले. माणसं लाठ्या घेऊन जंगलाकडे निघाली होती. काडी दिसेना. मी पाळीच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. फोन वर धरला, खाली धरला. पोर रडत होती. एका जागी काडी आली. मुलाने शिकवलं होतं तसं सुनेच्या फोटोवर बोट दाबलं.

घंटी वाजू लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की ती तिकडेही वाजते आहे. सून झुडपात गप बसली असेल आणि तिच्या कमरेला फोन बोंबलत असेल.

मी बंद करायला गेले. काच काळी झाली होती. घामाचं बोट घासलं, पदराने पुसून घासलं, काही होईना. जुन्याला लाल बटण तरी होतं. घंटी पूर्ण वाजली. मी पोरीला घेऊन तिथेच पाळीवर बसले. परत काडी आली नाही. आली असती तरी मी लावला नसता.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा सून आली. अंगावर ओरखडाही नव्हता. पोरीला घेतलं, पाजायला बसली आणि मग बोलली.

"आत्या, तुमी फोन लावला होता?"

"हो."

"अस्वल आमच्यातल्या एका म्हातारीवर होता. फोन वाजला त तिले सोडून माह्याकडं वळला. मंग साऱ्या बाया एकदम ओरडल्या, तवा पळाला."

"किती जवळ आला होता?"

"मधात बैलजोडी उभी राहीन, एवढा."

ती म्हातारी जगली. खांद्याला टाके पडले. तिचा लेक माझ्या पाया पडायला आला. सारं गाव म्हणत होतं, बुढीनं फोन लावून जीव वाचवला. माझी जाऊ तर म्हणाली, "आता साऱ्याइनं अस्वलाले फोन लावत जा." बाया हसल्या. मी त्या लेकाला पाया पडू दिलं नाही. मी त्याच्या आईसाठी फोन लावला नव्हता. मी अस्वल माझ्या नातीच्या आईवर घातलं होतं. ती माझ्या अकलेने वाचली नाही.

तिसऱ्या दिवशी सून पुन्हा पानाला निघाली. जुना फोन तिने माझ्या हातात दिला.

"हा घरीच राहू द्या, आत्या."

मी घेतला. ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिले. बायका डबे वाजवत गेल्या, तो आवाज बराच वेळ येत होता. मग येईना झाला.