काठीचा चिमटा

काशीत दशाश्वमेध घाटावर स्नानाला उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना काठी ठेवायला जागा नसते. ओल्या पायरीवर ठेवली की ती घसरून गंगेत जाते. म्हणून पंड्यांच्या बसायच्या लाकडी चौकीला काठी अडकवता येईल असा पितळी चिमटा मी बनवला आणि पेटंटचं विचारायला दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्याच एका मराठी वकिलाकडे गेलो.

“अहो, काठी जुनी, चिमटा जुना. यात शोध कसला? कुणालाही सुचेल.”

“मग तुम्हाला का नाही सुचलं? काठी धरायला रोज घाटावर नोकर नेता की!”

“भडकू नका. पेटंट मिळायचं नाही,” चिमटा स्वतःच्या काठीला लावून बघत ते म्हणाले, “पण हा राहू द्या इथंच. उद्या स्नानाला उपयोगी पडेल.”

त्या माणसाची मला आजही किळस येते. मी चिमटा ओढून काढला.

“उद्याही नोकरच न्या,” म्हणालो.