ओक्ताव केर्द्रूची सुरी

मस्यू केर्द्रू,
तुमच्या बहिणीचं काळ्या काठाचं कार्ड आज सकाळी आलं. तुम्ही वारलात म्हणे. तरी मी लिहिणार आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. वीस वर्षं तुम्ही मला फसवलंत. मुद्दाम नसेल, पण फसवलंत.

एवढं लिहून एदमे रुव्रेने पेन खाली ठेवलं. सत्तरीची ही बाई प्रकाशकाकडे मुद्रितं तपासून निवृत्त झालेली. लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

सें-जर्मँच्या चर्चमागे, एका बोळात, ओक्ताव केर्द्रूचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. कागद पेटेल म्हणून शेगडी नाही, त्यामुळे बाराही महिने अंगात कोट. दुपारी उकडलेलं अंडं आणि पाव, तेही उभ्यानेच. दहा पावलांवरच्या कॅफेत मोठमोठी डोकी वाद घालत बसायची, हा कधी आत गेला नाही. "तिथे बसायला मतं लागतात," म्हणायचा, "माझ्याकडे नुसती पुस्तकं."

त्या काळी तिकडे पुस्तकांच्या कडा छापखान्यात कापत नसत. वाचणाऱ्याने सुरी घेऊन जोडलेली पानं सोडवायची. कोणी कुठवर वाचलं, ते सुरी कुठे थांबली त्यावरून कळायचं. समीक्षक मंडळी भेट आलेली पुस्तकं पिशव्या भरभरून ओक्तावला विकायची. पहिल्या पानावर लेखकाने जीव ओतून लिहिलेल्या चार ओळी, आणि पुढे एकही पान कापलेलं नाही.

एदमेनेही तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती, एकच छापलेली. ती तिने दलामार नावाच्या समीक्षकाला दिली. पोच नाही, उत्तर नाही. बारा-तेरा वर्षांनी तीच प्रत तिला ओक्तावच्या दारातल्या पेटीत दिसली. तिने तिथेच उभ्याने चाळली. शेवटच्या पानापर्यंत कापलेली! विकली, पण वाचली तर खरी. एवढ्या आधारावर बाईने दुसरी कादंबरी लिहिली आणि खणात ठेवली, ओक्तावला तेवढं एकदा बोलली. दलामार रस्त्यात दिसला की ही आधी मान लववायची. त्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मागच्या बाकाशी उभी राहिली.

पुढे बोळात पुस्तकं जाऊन बायकांचे बूट आले. ओक्तावनेही गावी बहिणीकडे जायचं ठरवून दुकान आवरायला काढलं. एदमे मदतीला गेली, तर हा खोक्यावर बसून एका पुस्तकाची पानं कापतोय.

"आवराआवर सोडून हे काय चाललंय?"

"उद्या घाऊकवाला पेट्या फुटपाथवर मांडणार, मादमोझेल. याची लेखिका समोरच राहते. न कापलेलं तिच्या नजरेस पडलं तर?"

"म्हणजे पानं तुम्ही कापता?"

"मग काय समीक्षक? त्यांची सुरी जेवणाच्या ताटातून उठेल तेव्हा ना!"

"सगळ्यांचीच?"

"एकूण एक. कापलंच आहे म्हणून मग वाचूनही टाकतो."

एदमे खाली बसली. "माझंही?"

ओक्तावचे कान लाल झाले. "तुमचं दोनदा वाचलं. ती धोबीण झकास जमलीय. शेवट मात्र उरकलात."

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?" तिने हातमोजे चढवले आणि निघाली. म्हणजे दलामारने वाचलंच नव्हतं; तिचा एकुलता एक वाचक गेला, आणि त्याच्या जागी हा अंडं खाणारा माणूस!

ओक्ताव दारापर्यंत धावत आला. "रागावा हवं तर! पण खणातली ती दुसरी द्या की मला. मंगळवारी साडेदहाची गाडी आहे, माँपार्नास स्टेशनवरून. बहिणीच्या घरात पंचांगाखेरीज छापील काही नाही हो!"

मंगळवारी एदमेने हस्तलिखित तपकिरी कागदात बांधलं, दोरीला गाठ मारली, हॅट घातली. स्टेशन चालत वीस मिनिटांवर. अर्ध्या वाटेत तिला वाटलं, आता त्याने शेवटाबद्दल पुन्हा काही म्हटलं तर? आणि काहीच म्हणाला नाही तर? ती थांबली. घड्याळात दहा वाजून वीस झाले होते.

घरी येऊन तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. गाठ सोडली नाही. टपालाने पाठवू म्हणाली, पत्ताही घातला. काळ्या काठाचं कार्ड आलं तेव्हाही तो गठ्ठा टेबलावरच होता. टपालकचेरी तिच्या जिन्याखालीच होती.