अर्ध्या कपाचा मान

डॉ. मंदाकिनी ढोबळे यांना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्या विभागाच्या मागच्या अंगणात. पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी गेले होते. तिथे काळ्या मातीची दोन घमेली ठेवलेली होती. एकातली माती वाळून भेगाळलेली, दुसऱ्यातली आदल्या दिवसापासून भिजवलेली. मॅडमनी हातात तांब्या दिला आणि म्हणाल्या, "ओत." पहिल्या घमेल्यातले पाणी भेगांमध्ये दिसेनासे झाले. दुसऱ्यातले काठावरून वाहून माझ्या चपलांवर आले.

"माती तीच, पाणीही तेवढंच," मॅडम म्हणाल्या. "मग असं का झालं, हे शोधायला आवडणार असेल तर ये."

मॅडमचे संशोधन या प्रश्नाभोवतीच आहे. अवर्षणानंतर लगेच अतिवृष्टी झाली तर पाणलोट क्षेत्र कसे वागते, याचे मॉडेल त्या तयार करतात. बहुतेक मॉडेलमध्ये पावसाळ्याच्या आरंभी जमीन सरासरी ओली धरली जाते. मॅडमना ते मान्य नाही. आमची माती कोरडी असताना पहिला पाऊस गिळते; मग फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतरची प्रत्येक सर ओढ्याकडे धावते. म्हणून पावसाआधी जमीन कोणत्या अवस्थेत होती, हे मॉडेलला सांगितलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. "सरासरी पावसाचं वर्ष मी तरी पाहिलं नाही," असे त्या वर्गात म्हणत.

आमच्या घरी कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील ट्रक चालवतात, आम्ही शहरालगतच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहतो. मी गावोगाव फिरणार म्हटल्यावर बाबा नाराज झाले. हे कळताच मॅडम स्वतः घरी आल्या.

"पाण्याचं शिकून पोरगी काय करन जी?" बाबांनी विचारले.

"तुमचा ट्रक रिकामा असताना आणि माल भरलेला असताना ब्रेक सारखाच लागतो का?"

"कसा लागन? भरलेला दूर जाऊन थांबते."

"जमिनीचंही तसंच आहे. ती आधीच किती भरलीय हे तुमची मुलगी मोजणार आहे."

बाबांनी मला जायची परवानगी दिली. आता तेच शेजाऱ्यांना माझा विषय समजावून सांगतात.

मॅडमची खरी ओळख मला झाली ती सावनेर तालुक्यातल्या एका गावात. तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडते त्या सांडव्यावर गावकऱ्यांनी मातीच्या गोण्या रचल्या होत्या. सलग दोन वर्षे कोरडी गेल्यामुळे त्यांना जास्त पाणी अडवायचे होते. मग झड लागली, शेतांतल्या भेगा मिटल्या आणि तलाव गोण्यांपर्यंत भरला. पुढे मुसळधार पावसाचा इशारा होता. तो पाऊस आला तर पाणी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जाऊन ती फुटण्याची शक्यता आमच्या मॉडेलमध्ये दिसत होती. पाळीखाली वस्ती होती.

मी धोक्याचा एक ठसठशीत नकाशा तयार केला होता. मॅडमनी सभेत दोन नकाशे मांडले: पाऊस आला तर आणि नाही आला तर.

सरपंच लताबाई उसळल्या. "आता कुठं पानी दिसून राहिलं, अन् तुम्ही म्हनता सोडून द्या! नाहीच आला पाऊस, तं?"

"तर तुमचं पाणी वाया जाईल," मॅडम म्हणाल्या. "आणि ते माझ्या सल्ल्यामुळे गेलं, असं खुशाल सांगा."

बराच वाद झाला. शेवटी गावाने गोण्या काढल्या. परतताना मी म्हटले, "एकच नकाशा दाखवला असता तर लवकर पटलं असतं."

"पटलं असतं. पण मग निर्णय त्यांचा राहिला नसता."

पाऊस आला नाही. ढग दुसरीकडे सरकले, पुढे पावसाळाही आखडला. तलाव पुन्हा भरला नाही आणि गव्हाला शेवटचे पाणी मिळाले नाही. आता त्या गावात जाऊ नका, असे सहकाऱ्यांनी सुचवले. मॅडम हिवाळा सरता सरता मला घेऊन गेल्या.

लताबाईंनी चहा आणला. कप अर्धेच भरलेले होते.

"एवढाच भेटन. पानी तुम्हीच सोडाले लावलं ना."

सगळे हसले, मला हसू आले नाही. मॅडमनी चहा संपवला. "बरोबर आहे. नुकसान झालंय," एवढेच म्हणाल्या आणि पाळीवर चालू लागल्या. त्यांनी ना मॉडेलचा बचाव केला, ना 'पाऊस आला असता तर' हे बोलून दाखवले. त्या दुपारी गावकऱ्यांशी बोलता बोलता एक गोष्ट स्पष्ट झाली. गोण्या एकदा फोडून काढल्या की परत रचायला वेळ लागतो. थोडेच पाणी सोडण्याची सोयच नव्हती. मॅडमनी सिंचन खात्यात खेटे घालून परवानगी मिळवली आणि सांडव्यावर खाचांत बसणाऱ्या लाकडी फळ्या आल्या. जमीन कोरडी असेल तेव्हा त्या लावायच्या आणि भेगा मिटल्या की गरजेपुरत्या काढायच्या.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा इशारा आला. मी मॅडमजवळच होते, तेव्हा लताबाईंचा फोन आला.

"मॅडम, फळ्या काढून राहिलो आम्ही. विचाराले नाही, सांगाले फोन केला."

या वेळी पाऊस आला, धो धो आला. पाळ टिकली. पाऊस ओसरताच फळ्या परत बसल्या आणि मागाहून आलेली सर तलावातच राहिली. एवढ्या आनंदात मी मॅडमना क्वचितच पाहिले आहे. आणि त्या दिवशी गावाने त्यांना काहीच विचारले नव्हते.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, हे मी लताबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, "मॅडमले सांगजो वं पोरी, यंदा चहा पुरा कप देतो. पन घ्याले इथंच या लागन."

मॅडमचे गुडघे अलीकडे दुखतात. ते त्या पाळीवर चढण्याइतके खणखणीत राहोत, त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि तो भरलेला कप त्यांच्या हाती वर्षानुवर्षे येवो.